अप्पकिच्चता : मोजकी कामे आणि स्थिर चित्त

सुत्तनिपाताच्या उरगवग्गातील मेत्तसुत्त आपल्या विहारांतून परित्राणपाठाच्या वेळी नेहमी म्हटले जाते. सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री हा त्याचा विषय होय. परंतु मैत्रीचे वर्णन सुरू होण्यापूर्वी, ती भावना वाढवू इच्छिणाऱ्याने आपले आचरण कसे ठेवावे हे सुत्तात सांगितले आहे. सरळपणा, मृदुता, निरभिमानता हे गुण तेथे यावेत यात नवल नाही. मात्र त्यांच्याच पंक्तीत 'अप्पकिच्च', 'सुभर' आणि 'सल्लहुकवुत्ति' हे शब्दही आहेत, आणि पाठ करणाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे क्वचितच जाते. ज्याची कामे थोडी तो अप्पकिच्च. ज्याच्या निर्वाहाचा भार इतरांवर फारसा पडत नाही तो सुभर. ज्याची राहणी हलकी व सुटसुटीत तो सल्लहुकवुत्ति. मैत्रीसारख्या उदात्त भावनेच्या आधी कामे थोडी असावीत अशी व्यवहारातील अट कशासाठी घातली असावी, या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

अप्पकिच्च म्हणजे आळशी, असा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. आळसाला पालीत 'कोसज्ज' असा स्वतंत्र शब्द आहे व त्याची निंदा तिपिटकात जागोजागी केलेली आहे. अट्ठकथाकारांनी अप्पकिच्च शब्दाचा अर्थ सांगताना कम्मारामता, भस्सारामता आणि सङ्गणिकारामता यांचा उल्लेख केला आहे. सतत काहीतरी काम काढीत राहण्याची आवड, बोलत राहण्याची आवड आणि गर्दीत राहण्याची आवड असे त्यांचे अर्थ होत. म्हणजे आक्षेप कामावर नाही. कामात गुंतून राहण्यातच सुख मानणाऱ्या व त्यामुळे मुख्य काम विसरणाऱ्या वृत्तीवर तो आहे.

या संदर्भात आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. मराठीत 'प्रपंच' म्हणजे घरसंसार. पालीतील 'पपञ्च' हा त्याचाच भाऊ, पण त्याचा रोख चित्ताकडे आहे. मज्झिमनिकायातील मधुपिण्डिकसुत्तात वेदनेतून संज्ञा, संज्ञेतून वितर्क आणि वितर्कातून पपञ्च असा क्रम दाखविला आहे. एका विचाराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे फाटे फुटत जाणे व अखेरीस त्या फाट्यांनीच माणसाला घेरणे, हा पपञ्च होय. प्रपंच गृहस्थाला सुटत नाही आणि सुटावा असेही धम्म म्हणत नाही. पपञ्च मात्र कमी करता येतो, आणि तो कमी करण्याचा एक मार्ग अप्पकिच्चता हा आहे.

तीन चीवरे कशी ठरली

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. राजगृहाहून वैशालीकडे जात असता भगवान बुद्धांना वाटेत अनेक भिक्खू दिसले. त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या खांद्यावर, तर कोणाच्या कमरेवर चीवरांची गाठोडी होती. भिक्खू फार लवकर संग्रहाच्या मागे लागले, असे त्यांना वाटले. याला मर्यादा घालणे अवश्य होते. ती मर्यादा त्यांनी कशी ठरविली हे मननीय आहे.

त्यांनी परंपरेचा आधार शोधला नाही, आणि देहदंडाच्या हौसेने 'एकच चीवर पुरे' असेही म्हटले नाही. वैशालीच्या गोतमक चैत्यात, हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीत, ते रात्री उघड्यावर एक चीवर घेऊन बसले. पहिला प्रहर संपताना थंडी वाजू लागली तेव्हा त्यांनी दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर संपताना तिसरे, आणि शेवटचा प्रहर संपून उजाडण्याच्या सुमारास चौथे घेतले. या अनुभवावरून, थंडी सोसवत नाही असा कुलपुत्रदेखील किती वस्त्रांत निभावून नेऊ शकेल याचा त्यांनी हिशेब केला, आणि दुपदरी संघाटी, उत्तरासंग व अंतरवासक अशी तीन चीवरे ठरवून दिली. चौथ्या वस्त्राची गरज संघाटी दुपदरी करून भागविली.

या एका प्रसंगातून अप्पकिच्चतेची तीन अंगे स्पष्ट होतात. मर्यादा अनुभवाने तपासून ठरते. ती सर्वांत दुबळ्या माणसाची गरज लक्षात घेऊन ठरते. आणि ती एकदा ठरली म्हणजे रोज नव्याने ठरवावी लागत नाही. आज कोणते वस्त्र घालावे, हा प्रश्न भिक्खूच्या दिवसातून कायमचा निघून गेला. चीवराच्या शिवणीचा नमुनाही मगधातील भातखाचरांच्या बांधांवरून आनंदाने एकदा आखला आणि तो विषय संपला. भोजन मध्याह्नापूर्वी, वर्षावास तीन महिने, जादा चीवर जवळ ठेवण्याची मुदत दहा दिवस, तूप-तेल-मधासारखी भेषज्ये ठेवण्याची मुदत सात दिवस, हे नियम त्याच जातीचे आहेत. निर्वाहाविषयीच्या बारीकसारीक प्रश्नांची उत्तरे संघाने आगाऊ देऊन ठेवली, ती चित्त मोठ्या प्रश्नासाठी मोकळे राहावे म्हणून.

आपल्या जिल्ह्यातील लेणी पाहताना ही दृष्टी ठेवली तर दगडदेखील बोलू लागतात. अजिंठ्याचे बारावे लेणे हा हीनयान काळातील विहार आहे. त्याच्या दालनाला तिन्ही बाजूंनी मिळून बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत खडकातच कोरलेले दोन ओटे आहेत. निजण्याची जागा, तिची लांबी-रुंदी, उशाचा उंचवटा, सारे कोरून ठेवले आहे. हलविण्यासारखे वा बदलण्यासारखे काही उरलेले नाही. त्या लेण्यातील शिलालेखात दाता वणिज, म्हणजे व्यापारी असल्याची नोंद आहे, हेही ध्यानात घ्यावे. ओट्यावर निजणारा भिक्खू आणि तो ओटा कोरवून देणारा व्यापारी हे दोघेही एकाच धम्माचे अनुयायी होते. व्यापाऱ्याने व्यापार सोडावा अशी अपेक्षा तेथे दिसत नाही.

साधेपणा आणि दारिद्र्य

येथे आमच्या वाचकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती यावी असे आम्हांस वाटते. ज्या समाजाला हजारो वर्षे काहीच बाळगू दिले नाही, त्याला आता साधेपणा कशाला शिकविता, ही ती शंका. मनुस्मृतीने चांडाळाला गावाबाहेर वस्ती, प्रेतावरची वस्त्रे, जेवायला फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. वस्त्र कोणते, भांडे कोणते, पाणी कोठले, हे सारे दुसऱ्याने ठरवून दिलेले होते. आपल्या पूर्वजांच्या आयुष्यात निर्णय थोडेच होते, कारण निर्णयाचा अधिकारच त्यांना नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याचा एक अर्थ कोठले पाणी प्यावे हे आम्ही ठरवू, असाही होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले.

म्हणून लादलेली उणीव आणि स्वीकारलेली मर्यादा यांतील भेद कधीही पुसता कामा नये. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात यंत्रविरोधी साधेपणाच्या विचारसरणीची कठोर चिकित्सा केली आहे. माणसाला पशूच्या पातळीवरून वर यायचे असेल तर फुरसत हवी, आणि ती फुरसत यंत्रानेच मिळू शकते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. फुरसत म्हणजे संस्कृतीची जननी, ही त्यांची भूमिका. अप्पकिच्चतेचा हेतूही फुरसत हाच आहे. जो साधेपणा माणसाचे श्रम वाढवितो आणि त्याचा वेळ खातो तो या शब्दाच्या कक्षेत येत नाही. विहिरीवरून दोन मैल पाणी आणणाऱ्या स्त्रीची राहणी साधी असेल, पण तिची कामे थोडी नाहीत.

गृहस्थाविषयी तथागतांची दृष्टी काय होती हे अंगुत्तरनिकायातील दीघजाणु नावाच्या कोलियपुत्राच्या सुत्तावरून कळते. आम्ही मुलाबाळांत राहणारे, चंदन-माळा वापरणारे, सोने-रुपे बाळगणारे लोक आहोत, आम्हांला या लोकी उपयोगी पडेल असे सांगा, असे त्याने विचारले. त्याला मिळालेले उत्तर चार गोष्टींचे आहे. कामात उद्योग व कौशल्य, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि 'समजीविता', म्हणजे आय व व्यय तराजूच्या काट्याप्रमाणे तोलून केलेली उपजीविका. या उत्तरात संपत्तीचा धिक्कार कोठेही नाही. दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात तर मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवायचा. एकदा वाटे ठरले म्हणजे महिनाभर प्रत्येक खरेदीच्या वेळी मनाशी झगडावे लागत नाही, हा त्याचा व्यावहारिक लाभ आहे.

अर्थात ज्याची मिळकत धान्याच्या पिशवीतच संपते त्याला चार वाट्यांचा उपदेश करणे ही क्रूरता होईल. पुरेशा वेतनाचा प्रश्न संघटनेने आणि कायद्याने सोडवायचा असतो. चित्ताच्या शिस्तीने वेतन वाढत नाही, आणि धम्माने तसा दावा केलेलाही नाही.

चित्ताचा कल

लहान लहान निर्णयांची गर्दी टाळावी असे म्हणण्यामागे मानसशास्त्रीय कारण कोणते? मज्झिमनिकायातील द्वेधावितक्कसुत्तात याचे उत्तर सापडते. संबोधीपूर्वी आपण आपल्या विचारांचे दोन भाग कसे केले हे तथागतांनी या सुत्तात भिक्खूंना सांगितले आहे. काम, द्वेष व हिंसा यांचे विचार एका बाजूला. त्याग, अद्वेष व अहिंसा यांचे विचार दुसऱ्या बाजूला. माणूस ज्याचा वारंवार विचार करतो त्याच दिशेला त्याचे चित्त कलते, असा सिद्धान्त तेथे मांडला आहे. या कलण्याला 'नति' असा शब्द आहे. चांगले विचारदेखील अतिदीर्घ काळ करीत राहिल्यास शरीर थकते आणि थकलेल्या शरीरात चित्त विचलित होते, असेही निरीक्षण त्याच सुत्तात आहे.

आधुनिक मानसशास्त्रात याच्याशी मिळताजुळता एक वाद झाला. इच्छाशक्ती हा मर्यादित साठा असून प्रत्येक निग्रहाबरोबर तो कमी होतो, असे मत १९९८ साली अमेरिकेतील रॉय बाउमाइस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांवरून पुढे आले आणि फार लोकप्रिय झाले. पुढे २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तो परिणाम जवळजवळ आढळला नाही. तेव्हा त्या सिद्धान्तावर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. द्वेधावितक्कसुत्ताचा भर साठ्यावर नसून दिशेवर आहे. दिवसभर लहान निवडी करण्यात गुंतलेले चित्त निवडीकडेच कलते. ते सतत 'हे की ते' असे विचारीत राहते, आणि हातातील काम संपण्यापूर्वीच पुढच्या कामाकडे धावते. वेळ जातो ती हानी लहान आहे. चित्ताला वळण लागते ती मोठी.

याच सुत्तातील गुराख्याची उपमा मराठवाड्याच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्याच्या अखेरीस पीक उभे असते. तेव्हा गुराख्याला काठी घेऊन प्रत्येक जनावराला हाकावे, अडवावे लागते, कारण गुरे शेतात शिरली तर बांधावर भांडण आणि दंड ठरलेला. पुढे उन्हाळ्यात, पीक निघून धान्य गावात गेल्यावर, तो झाडाखाली बसून गुरे कोठे आहेत एवढेच भान ठेवतो. पहिल्या अवस्थेत काठी, दुसऱ्या अवस्थेत केवळ स्मृती. एकदा नीट विचार करून घेतलेला निर्णय माणसाला पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेतो. मद्यपान करायचे नाही हे ज्याने ठरविले आहे, त्याला प्रत्येक आमंत्रणाच्या वेळी काठी उगारावी लागत नाही.

नियम आणि तत्त्व

पण मग सारे जीवन नियमांनी बांधून टाकावे काय? 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या आपल्या प्रबंधात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतील भेद स्पष्ट केला आहे. नियम म्हणजे ठरवून दिल्याप्रमाणे कृती करण्याची सवय. तत्त्व म्हणजे विचारपूर्वक निर्णय करण्याचे साधन. केवळ नियमांचा धर्म माणसाची जबाबदारीच काढून घेतो, असा त्यांचा आक्षेप होता. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांना शिकविणारे जॉन ड्यूई यांनीही सवयीचे दोन प्रकार मानले होते. एक यांत्रिक, विचारशून्य सवय. दुसरी बुद्धीने घडविलेली व बुद्धीने बदलता येणारी सवय.

शील कोणत्या प्रकारात मोडते? पंचशील ग्रहण करताना उपासक 'समादियामि' असे उत्तमपुरुषी क्रियापद उच्चारतो. शिकण्याचे पद, 'सिक्खापद', मी स्वतः स्वीकारतो, असा त्याचा अर्थ. आज्ञा देणारा कोणी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञा याच स्वरूपाच्या आहेत. 'मी' असे करीन वा करणार नाही, अशी त्यांची रचना आहे. लाखो लोकांनी एका दिवशी घेतलेले ते निर्णय होते, आणि पुढच्या पिढ्यांना अनेक जुन्या प्रश्नांशी रोज झगडावे लागू नये अशी त्यांत योजना होती. आमच्या घरात सत्यनारायण घालावा की न घालावा, यावर दर वर्षी चर्चा होत नाही, हे त्या निर्णयाचे फळ आहे.

नियम हा सेवक राहावा, धनी होऊ नये, याची काळजीही तथागतांनी घेतली. देवदत्ताने भिक्खूंसाठी आजन्म अरण्यवास, केवळ भिक्षान्न, केवळ चिंध्यांची वस्त्रे, केवळ वृक्षतळी निवास आणि मत्स्यमांसाचा पूर्ण त्याग या पाच गोष्टी सक्तीच्या कराव्यात अशी मागणी केली, तेव्हा ती नाकारण्यात आली. ज्याला पाळायचे असेल त्याने यांतील नियम पाळावेत, सक्ती नाही. महापरिनिर्वाणापूर्वी तर, संघाला वाटल्यास क्षुद्र व अनुक्षुद्र शिक्षापदे रद्द करण्याची मुभाही आनंदाजवळ देण्यात आली. अप्पकिच्चतेतील कोणताही नियम कालांतराने पुन्हा तपासण्यास मोकळा आहे. मात्र तो तपासायचा शांत वेळी, मोहाच्या क्षणी नव्हे.

शेंद्र्याचा कामगार

आता हा विचार आपल्या परिसरात आणून पाहू. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला जालना रस्त्यावर शेंद्रा येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे. शेजारीच, दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ऑरिक नगरीचा शेंद्रा विभाग उभा राहिला. ऑरिकच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन २०१९ च्या सप्टेंबरात झाले. कुंभेफळ, लाडगाव, करमाड या गावांच्या एका पिढीने ज्वारी-कपाशीच्या शेतातून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा प्रवास डोळ्यांदेखत केला आहे. या कामगारवर्गात आमचे उपासक बंधू-भगिनी आहेत आणि त्यांच्यापैकी अनेक जण कंत्राटी आहेत. पाळी आठवड्याला बदलते, झोप बदलते, जेवणाची वेळ बदलते.

यांच्यापैकी अनेकांनी कारखान्यात 'फाइव्ह एस'चा फलक पाहिला असेल. जपानमधून आलेली ही पद्धत आहे. नको ते काढा, हवे ते ठरल्या जागी ठेवा, स्वच्छता ठेवा, पद्धत एकसारखी करा, शिस्त टिकवा. पाना कोठे आहे हे कामगाराला शोधावे लागत नाही, कारण फळीवर पान्याच्या आकाराची रेघ काढलेली असते. म्हणजे अनावश्यक निर्णय वगळण्याची कला कारखान्याला चांगली अवगत आहे. फरक इतकाच की तेथे वाचलेला वेळ उत्पादनाच्या खात्यात जमा होतो. भिक्खुसंघात वाचलेला वेळ त्या भिक्खूच्याच प्रज्ञेच्या खात्यात जमा होत असे. कामगाराने ही कला फाटकाबाहेर आणावी आणि वाचलेला वेळ स्वतःच्या खात्यात घ्यावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

हा वेळ फुकट मिळालेला नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते सुटलेले सहा तास कोणाचे? ते जर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरविण्यात, हप्त्यावर काय घ्यावे याच्या विचारात आणि कोणाच्या समारंभाला जावे न जावे या घोळात गेले, तर कायद्याने दिलेले आपण परत केले असे म्हणावे लागेल.

पण निवड कशी करावी? सतिपट्ठानाच्या अट्ठकथेत संपजञ्ञाचे, म्हणजे जाणतेपणाचे, चार प्रकार सांगितले आहेत. ते चार प्रश्न म्हणून वापरता येतात. पहिला, सात्थक : या कृतीत अर्थ आहे काय? दुसरा, सप्पाय : अर्थ असला तरी आता, या परिस्थितीत ती मला मानवेल काय? चैत्यदर्शन सार्थक आहे, पण उत्सवाची प्रचंड गर्दी असेल तर त्या वेळी जाणे उचित नव्हे, असे उदाहरण अट्ठकथाकार देतात. तिसरा, गोचर : मी माझ्या मूळ साधनेच्या कक्षेत आहे की तिच्याबाहेर भटकलो? चौथा, असंमोह : हे मी करीत आहे की सवय, भीती अथवा दिखावा माझ्याकडून करवून घेत आहे?

रात्रपाळी करून आलेल्या उपासकाला दुपारी एका कार्यक्रमाचे बोलावणे आले असे समजू. कार्यक्रम सार्थक आहे, परंतु झोपेवाचून पुन्हा यंत्रापुढे उभे राहणे सप्पाय नाही. तेथे हाताला इजा होऊ शकते. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसाचे बोलावणे घ्यायचे नाही, असा एकच निर्णय त्याने वर्षाच्या आरंभी केला आणि आप्तांना सांगून ठेवला, तर बावन्न वेळा होणारा संकोच टळतो. मुलांच्या अभ्यासाजवळ बसण्याची वेळ पाळीप्रमाणे आगाऊ ठरविता येते. पगाराच्या दिवशी वाटे करून बचतीचा वाटा प्रथम बाजूला काढता येतो. पौर्णिमेला व अष्टमीला अष्टशील घेणारा उपासक तर एका संकल्पाने पूर्ण दिवसाचे भोजन, करमणूक व शृंगार यांचे प्रश्न मिटवितो. उपोसथ म्हणजे महिन्यातून काही दिवस केलेला अप्पकिच्चतेचा अभ्यासच होय.

या ठिकाणी 'सुभर' हा शब्द पुन्हा आठवला पाहिजे. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या पुरुषाचा डबा पाच वाजता तयार असतो. त्यासाठी कोणती भाजी, कणीक किती, दूध उरले आहे काय, मुलांना काय द्यायचे, हे सर्व आदल्या रात्री एका स्त्रीने ठरविलेले असते. पुरुषाचा दिवस सुटसुटीत झाला तो पुष्कळदा त्याचे निर्णय तिच्याकडे गेल्यामुळे. अशा सुटसुटीतपणाला सल्लहुकवुत्ति म्हणता येणार नाही, कारण त्यात सुभरता नाही. आठवड्याच्या भाज्या घरातील सर्वांनी रविवारी बसून ठरविणे, आणि ठरल्याप्रमाणे आणण्याचे, चिरण्याचे व रांधण्याचे काम वाटून घेणे, ही गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. पण मेत्तसुत्त ज्या ओळीत मैत्रीची पूर्वतयारी सांगते त्याच ओळीत ती बसते.

विहारातील पलिबोध

शेवटी थोडे आपल्या संस्थांविषयी. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात समाधीच्या आड येणारे दहा पलिबोध सांगितले आहेत : आवास, कुल, लाभ, गण, कम्म, प्रवास, ज्ञाती, आजार, ग्रंथ आणि ऋद्धी. याच ग्रंथाचे धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेले पाठ हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत १९५० साली प्रसिद्ध झाले, ही मराठी वाचकाला अभिमानाची गोष्ट आहे. या यादीत विहाराची व्यवस्था, शिष्यांचा वर्ग, बांधकाम, इतकेच काय पण ग्रंथाभ्यासदेखील आहे. चांगले कामही पलिबोध होऊ शकते, असे आचार्यांना म्हणायचे आहे.

आवासाच्या संदर्भात त्यांनी अनुराधपुराच्या दोन मित्र-भिक्खूंची कथा दिली आहे. एक थूपारामातच राहिला. दुसरा दूर पाचीनखण्डराजीला राहावयास गेला व काही वर्षांनी मित्राला भेटावयास आला. एवढ्या वर्षांत मित्राजवळ पुष्कळ साठले असेल अशी त्याची अपेक्षा होती, पण नेहमीच्या साध्या भिक्षेखेरीज काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे राहणे सुखाचे आहे, तिकडे चला, असे तो सहज म्हणाला, आणि यजमान भिक्खू नगराबाहेर पडून सरळ त्या वाटेला लागला. इतकी वर्षे राहिलात, काही सामान घ्यायचे नाही काय, असे पाहुण्याने विचारले. खाट आणि पीठ संघाचे होते, ते आवरून ठेवले आहे, दुसरे काही नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा पाहुण्याला आठवले की आपली काठी, तेलाची नळी आणि वहाणांची पिशवी मात्र मागे राहिली आहे. एका दिवसात त्याने तेथे तेवढे जमविले होते! वास्तव्य किती वर्षांचे यावर पलिबोध ठरत नाही. चित्त कशाला किती चिकटले यावर ठरतो.

आमच्या चळवळीतील कार्यकर्त्यांच्या वाट्याला गण आणि कम्म हे दोन पलिबोध विशेष येतात. एकच तरुण जयंती समितीत, विहार समितीत, कामगार संघटनेत आणि पतसंस्थेत असतो. एप्रिल महिन्यात तो रोज तीन ठिकाणी दिसतो आणि कोणत्याच ठिकाणी पूर्ण असत नाही. वर्षअखेर अभ्यासवर्ग बंद पडलेला असतो व मुलांना शिकवायला कोणी उरलेले नसते. अशा कार्यकर्त्याची निष्ठा कमी नसते. त्याने एक काम निवडून बाकीची इतरांना द्यावीत, आणि समित्यांनीही एकाच माणसाला चार पदे देण्याचे थांबवावे, ही विनंती आम्ही याच विसुद्धिमग्गाच्या आधारे करतो.

मेत्तसुत्ताने मैत्रीपूर्वी अप्पकिच्चतेची अट का घातली, याचे उत्तर आता देता येईल. मैत्रीला दुसऱ्या माणसाकडे पूर्ण लक्ष देणारे चित्त लागते. ज्याच्या मनात एकाच वेळी दहा अपुरे निर्णय रेंगाळत असतात, त्याच्यासमोर दुःखी माणूस बसला तरी तो त्याला ऐकू शकत नाही. करुणा असते, पण ती पोहोचत नाही. लहान प्रश्न आगाऊ मिटविल्याने मोकळी झालेली जागा आपल्या पाळीतील कंत्राटी सोबत्यासाठी, अभ्यासात मागे पडलेल्या मुलासाठी, घरातील थकलेल्या माणसासाठी वापरावयाची आहे. उपासकांनी येत्या पौर्णिमेला अष्टशील घेतल्यावर थोडा वेळ बसून, आपल्या रोजच्या प्रश्नांपैकी कोणते तीन प्रश्न वर्षभरासाठी एकदाच मिटविता येतील, हे वहीत लिहावे व घरच्यांना वाचून दाखवावे. घरच्यांचा त्यात भार वाढत असेल तर ते दुरुस्त करावे, आणि पुढील वर्षावासाच्या आरंभी ती वही पुन्हा उघडून पाहावी.